निमकरांची गाडी तयार आहे

पक्षी बघायला म्हणून तळ्याकाठी मुक्कामाला आलेला एक माणूस रोज सकाळी, ऐन पक्षी काठाशी चरायला येतात त्या वेळेला, आपल्या जुन्या डिझेल बसचं इंजिन सुरू करतो. चांगलं धडधडू देतो. धुक्यात काळा धूर सोडतो. तळ्यावरचं एकूण एक पाखरू उडून पलीकडच्या काठाला गेलं की इंजिन बंद करतो, गळ्यात दुर्बीण अडकवून खाली उतरतो आणि आम्हालाच विचारतो, "आज सगळे लांब का बसलेत?"

आता तुम्हीच सांगा, अशा माणसाला काय म्हणायचं? मी काय काय म्हणत होते ते इथे लिहिण्यासारखं नाही.

प्रभाकर निमकर त्यांचं नाव. मूळचे भुसावळचे, रेल्वेत इंजिनियर, सगळी नोकरी लखनौच्या आसपास झाली आणि रिटायर होऊन इथलेच झाले. माझा राग तुम्हाला नीट कळायचा असेल तर आधी मी तिथे कशी जाऊन पडले ते सांगायला हवं, कारण मी काही हौसेनं गेलेले नव्हते.

आमचं इंदिरानगरला स्वतःचं घर आहे. गच्ची आहे, गीझर आहे, कोपऱ्यावर सब्जीवाला भैया आहे, मेट्रो जवळ आहे. पण आमचे हे केंद्र सरकारच्या नोकरीतून सुटले आणि त्यांना पक्ष्यांचं वेड लागलं. तेवढ्यावर भागलं असतं तर ठीक. त्यांनी मोबाईलवर कुठले कुठले व्हिडिओ बघितले आणि एक जुनं मोटरहोम घेऊन आले. मोटरहोम म्हणजे टेम्पो ट्रॅव्हलरच्या पोटात पलंग, शेगडी आणि कपाटाएवढा संडास. लोक थंडीत गोव्याला जातात. आम्ही त्याच शहराच्या दुसऱ्या टोकाला, सरोजिनीनगरच्या पुढे कानपूर रोडवरून आत वळून मिर्झासाहेबांच्या आंब्याच्या बागेत जातो, आणि घरचा गीझर सोडून पातेल्यात पाणी तापवतो.

या मिर्झासाहेबांच्या बागेला लागून मोठं तळं आहे. हिवाळ्यात तिथे बाहेरदेशची बदकं उतरतात आणि बागेत आमच्यासारखी चाकांवरची घरं उतरतात. सगळे रिटायर लोक. दिल्लीचे, कानपूरचे, एक पंजाबातलं जोडपं. सकाळी पक्षी, दुपारी ऊन, संध्याकाळी मधोमध अलाव, म्हणजे शेकोटी, पेटवून त्याभोवती खुर्च्या. मटारची घुघरी, जुनी गाणी आणि श्रीवास्तव भाभींचा तंबोला. गावातल्या बायका आमच्या गाड्यांना 'वैनिटी' म्हणतात, कारण त्यांनी तशी गाडी फक्त सिनेमाच्या शूटिंगला पाहिलेली. सुरुवातीला त्या कुंपणापाशी उभ्या राहून कोण हीरोइन उतरते ते बघायच्या. मी उतरायचे. त्यांची तोंडं बघवत नसत.

परमुलखात मराठी माणूस भेटला की काळीज सुपाएवढं होतं म्हणे. माझी आणि निमकरांची पहिली भेट अशी झाली: मी उन्हात खुर्ची टाकून लसूण सोलत बसले होते. मागून मराठी ऐकू आलं. मी आनंदानं वळले. ते म्हणाले, "वहिनी, तुमची खुर्ची रस्त्यात आहे."

मी आजूबाजूला बघितलं. रस्ता वगैरे काही नव्हतं, गवत होतं. पण माझ्या मागे त्यांची बस होती आणि समोर, बरंच लांब, बागेचं फाटक होतं. त्या दोहोंच्या मध्ये कुणीही, काहीही ठेवायचं नाही असा त्यांचा दंडक. बाकी आम्ही सगळे गाडीचं तोंड तळ्याकडे करून उभे, की सकाळी पडदा सारला की पाणी दिसावं. यांच्या बसचं तोंड तेवढं फाटकाकडे, तळ्याकडे पाठ. मागचीही वाट मोकळी. गंमत म्हणजे ती बस दोन हिवाळे जागची हललेली कुणी पाहिली नव्हती. पण खुर्ची मात्र हलवायची माझी.

"रस्ता मोकळा ठेवा" हे त्यांचं एक वाक्य. दुसरं वाक्य "गाडी तयार आहे." कसे आहात विचारलं तर सांगणार, गाडी तयार आहे. जेवलात का विचारलं तरी तेच.

बस मुळात शाळेची. त्यांनी लिलावात घेतली आणि स्वतःच्या हातानं घर केलं. वरून करडा रंग दिलाय पण खरवडलं की खालून पिवळा निघतो. आत सगळं रेल्वेच्या डब्यासारखं. बर्थ आहे, खिडकीशी घडीचं टेबल आहे, आणि प्रत्येक वस्तूला तिची खोबण आहे. पातेल्याला आकडा, डब्याला पट्टा, कपाला खोबण, चमच्यालासुद्धा खोबण. तिथे चहाला जाणं म्हणजे एक शिक्षा. तुमचा शेवटचा घोट घशाखाली उतरायच्या आत ते कप काढून घेतात, विसळतात आणि खोबणीत बसवून वरून पट्टी लावतात. गाडी कधीही हलेल म्हणून. आमच्या ह्यांनी एकदा घाईनं पिताना जीभ भाजून घेतली, तर म्हणे सवय होईल.

पक्षी मात्र त्यांना खरोखरच कळायचे, हे मान्य करायला हवं. फक्त ते पक्ष्यांना रेल्वेच्या हिशेबानं बघायचे. हिमालय ओलांडून येणारे हंस म्हणजे लांब पल्ल्याची गाडी, त्यांना उशीर झाला तर समजून घ्यायचं. शेतातले बगळे म्हणजे पॅसेंजर, वाटेल तिथे थांबणार. तळ्याच्या कडेला एक सारसांची जोडी बारा महिने असायची, ते स्टेशनमास्तर. बदकं उतरायला उशीर झाला की निमकर काठावर उभे राहून त्यांना चक्क मराठीत झापायचे. आणि एवढा जीव पक्ष्यांवर असलेला माणूस रोज सकाळी इंजिन लावून त्यांना हाकलायचा.

एकदा आमचे हे चक्रवाकाच्या जोडीची वाट बघत धुक्यात पालथे पडले होते. थंडीनं काकडत, श्वास रोखून. जोडी हळूहळू काठाशी आली. ह्यांनी कॅमेरा उचलला आणि मागून घर्र. ह्यांच्या फोटोत चक्रवाकाची फक्त शेपटी आली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पक्ष्यांचं मला फारसं सोयरसुतक नाही, पण नवरा तासभर ओल्या गवतात पडून आल्यावर त्याला आल्याचा काढा मला करून द्यावा लागतो.

मी तरातरा गेले आणि विचारलं, की हे इंजिन दुपारी लावायला काय होतं? तर निमकर शांतपणे म्हणाले की दुपारच्या उन्हात कुठलंही इंजिन सुरू होतं, त्यात गाडीची परीक्षा कसली. गारठ्यात बॅटरी बसते. तेव्हा पहाटेच्या गारठ्यात जी पहिल्या किल्लीला उठते ती गाडी तयार. मी विचारलं, तयार कशासाठी? यावर त्यांनी आभाळाकडे बघितलं. विमानतळ जवळ असल्यामुळे तिकडून एक विमान चाललं होतं, ते दिसेनासं होईपर्यंत ते बघत राहिले.

मग मी तक्रार केली मिर्झासाहेबांकडे. आता मिर्झासाहेब म्हणजे जुन्या लखनौचा माणूस. कुणाला नाही म्हणणं त्यांच्या सात पिढ्यांत कुणाला जमलेलं नाही. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बजा फरमाया आपने." म्हणजे अगदी बरोबर बोललात. मग निमकरांना बोलावलं, त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि त्यांनाही म्हणाले, "बजा फरमाया आपने." मग सगळ्यांना चहा दिला. त्यांच्या दृष्टीनं प्रकरण निकालात निघालं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी परत घर्र.

असं करत संक्रांत आली. इकडे संक्रांतीला खिचडीच म्हणतात आणि त्या दिवशी खिचडीच खातात. मी ठरवलं, बागेतल्या सगळ्या बायकांना बोलावून हळदीकुंकू करायचं. श्रीवास्तव भाभी, पंजाबातल्या त्या बहनजी, कुंपणावरच्या गावच्या बायकासुद्धा. तिळाचे लाडू मी घरून करून आणले होते. प्रश्न जागेचा. बाग आंब्याची, जानेवारीत सावलीत बसलं तर दातखीळ बसेल. ऊन येणारी, सपाट, मोकळी अशी जागा सबंध बागेत एकच होती. बरोबर, निमकरांच्या बसपासून फाटकापर्यंतची.

मी पदर खोचून विचारायला गेले. म्हणजे भांडायलाच गेले. त्यांनी नाही म्हटलं. मी म्हटलं, एक दिवस, फक्त दुपारपुरता शामियाना. तरी नाही. मी म्हटलं, निमकरसाहेब, तुमची ही बस आमच्या देखत एक वीतभर हललेली नाही, तिला कुठं जायचंय एवढं? तेव्हा त्यांनी चहा ठेवला. आणि पहिल्यांदाच माझा कप संपल्यावर लगेच उचलला नाही.

नोकरीतली बरीच वर्षं त्यांच्याकडे अपघात मदत गाडी होती. कुठे अपघात झाला की क्रेन, डॉक्टर, औषधं घेऊन निघते ती गाडी. ती नेहमी अशा रुळावर उभी करतात की दोन्ही बाजूंनी बाहेर पडता यावं. तिच्यापुढे दुसरी गाडी, डबा, काहीही उभं करायचं नाही. कॉलनीत भोंगा वाजला की घरातून हातातला घास टाकून पळायचं, कारण भोंगा झाल्यापासून गाडी हलेपर्यंतचा वेळ मोजतात. निमकर सांगत होते की एकदाही त्यांच्या गाडीला उशीर झाला नाही. दिवाळीला भोंगा वाजला, बायको बाळंतपणाला दवाखान्यात असताना वाजला, वडलांच्या तेराव्याला वाजला. निमकर प्रत्येक वेळी गेले.

आणि मुलीच्या लग्नात वाजला. रेल्वेच्याच हॉलमध्ये लग्न होतं. मंगलाष्टकं चालू होती.

"अक्षता हातात होत्या," ते म्हणाले. "त्या खिशात टाकल्या आणि गेलो."

कन्यादान मामानं केलं. निमकर दुसऱ्या दिवशी परत आले तोवर मुलगी सासरी गेलेली. मला वाटलं, आता म्हणतील चुकलं माझं. तर नाही. म्हणाले, तिथे माणसं अडकली होती वहिनी, चुकलं असं मी म्हणणार नाही. त्यांच्या जागी मी असते तर गेले नसते, आणि त्या अडकलेल्या माणसांत माझं कुणी असतं तर यांच्या पाया पडले असते.

मुलीचं नाव अनघा. ती भांडली नाही, रडली नाही. पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा एवढंच म्हणाली, "ठीक आहे बाबा. गरज पडली की बोलावीन."

मी विचारलं, "मग?"

"मग काय. अजून बोलावलेलं नाही."

आता तिचा मुलगा दाढी करतो. निमकरांच्या सौभाग्यवती होत्या तोवर अनघा सणासुदीला येऊन जायची. त्या गेल्यावर येणं थांबलं, वाढदिवसाचा फोन तेवढा राहिला. मग निमकरांनी घर भाड्यानं दिलं आणि ही बस केली. भोंगा वाजला की निघायला बरी. ड्रायव्हरच्या समोर, काचेखाली, पांढऱ्या रंगानं एकच फोन नंबर रंगवलेला मी नेहमी बघायचे. मला वाटायचं गॅरेजवाल्याचा असेल. तो अनघाचा होता.

मी विचारलं, ती असते कुठे? मला वाटलं अमेरिका. तर म्हणाले, विकासनगरला.

विकासनगर! अहो, लखनौतलंच विकासनगर. आमच्या इंदिरानगरपासून हाकेच्या अंतरावर. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली म्हणून सांगू. मी म्हटलं, अहो भल्या माणसा, एक ऑटो करा आणि जा की. मुलीच्या घरी जायला भोंगा लागतो का?

मी जणू बिनतिकीट प्रवास करायला सांगितलं, असा त्यांचा चेहरा झाला. "बोलावणं नसताना? तसं चालत नाही वहिनी. ती गाडी उगाच जाऊन उभी राहिली तर लोक घाबरतात. कुणाचं काय झालं म्हणून."

एवढं बोलून त्यांनी कप उचलला, विसळला, खोबणीत बसवला.

मला तो नंबर बघून बघून पाठ झाला होताच. दुपारी तळ्याच्या कडेला जाऊन फोन लावला. मी कोण, कुठून बोलतेय ते सांगितलं आणि तिला जे काही ऐकवायचं ते ऐकवलं. म्हटलं, बाप तुझ्या एका वाक्यावर इथे इंजिन तापवत बसलाय, आणि तुला दोन शब्द जड झालेत? पोरीनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "हाँ काकू, पण बोलावून सांगू काय? बाबांना अपघात झाला की बोलवायचं असतं. साध्या दिवशी बोलावलं तर येऊन विचारतील, क्या हुआ? मी म्हणणार, कुछ नहीं. मग दहा मिनिटांत परत." आणि म्हणाली, "माझ्याकडे काही बिघडलेलंच नाहीये, काकू. काय करू मी?"

म्हणजे ही पण तसलीच. एक तिकडे दुर्घटना होत नाही म्हणून गप्प, एक इकडे भोंगा होत नाही म्हणून गप्प. दोघांना एका जागी उभं करून धपाटे घालावेत असं मला वाटलं.

फोन ठेवायच्या आधी तिनं विचारलं, "अजूनही सकाळी इंजिन लावतात?" मी म्हटलं, लावतात आणि आमचे पक्षी उडवतात. ती हसली. म्हणाली, "थंडीत बॅटरी बसते ना. मला तर गाडी चालवायला शिकवायच्या आधी बॅटरी काढायला-लावायला शिकवलं होतं त्यांनी." मी रागानं फोन ठेवला. कुणाचं काही ऐकायचं नाही आणि मध्ये आमच्या पक्ष्यांचं मरण.

तुम्हाला वाटेल, एवढं सगळं कळल्यावर मी शामियान्याचा हट्ट सोडला असेल. मुळीच सोडला नाही. उलट इरेला पेटले. ज्या गाडीला कुणी बोलावणार नाही तिच्यासाठी मी बायकांना सावलीत गारठवू? मिर्झासाहेबांना सांगितलं, ते बजा फरमाया म्हणाले, आणि आदल्या संध्याकाळी त्यांच्या माणसांनी बरोब्बर त्या जागेवर शामियाना ठोकला. बांबू, दोऱ्या, खाली सतरंज्या, मध्ये फुलांच्या माळा. निमकर बसच्या पायरीवर बसून बघत राहिले. त्या संध्याकाळी तंबोल्यालाही आले नाहीत.

संक्रांतीच्या सकाळी दाट धुकं. मी लवकर उठून, ठेवणीतली काळी चंद्रकळा नेसून, वाण मांडायला बाहेर आले, तोच घर्र. अगदी रोजच्यासारखं. धूर सरळ माझ्या पांढऱ्याशुभ्र शामियान्यावर. मी हातातलं ताट ठेवलं आणि निघाले त्यांच्याकडे. आज सणासुदीचा दिवस असला तरी सोडणार नव्हते. बसच्या दारापर्यंत पोचले आणि आत फोन वाजला.

त्यांनी नंबर बघितला आणि उभेच राहिले. ताठ, कुणी वरिष्ठ अधिकारी समोर आल्यासारखे. इंजिन चालूच होतं, त्यामुळे मोठ्यानं बोलत होते. "हो. बोल. कुणाला लागलं नाही ना? ... सुरूच होत नाही? ... आवाज येतो का? ... हात लावू नका कुणी. निघालो."

फोन खाली ठेवला. कप खोबणीत होते, पातेलं आकड्यावर होतं, पट्टे लागलेले होते. त्या गाडीत आवरण्यासारखं काहीच नव्हतं. त्यांनी समोरच्या काचेतून बघितलं, तर समोर माझा शामियाना. आणि मागे, आदल्या रात्री उशिरा आलेली मिर्झासाहेबांची लाकडं भरलेली ट्रॉली.

मला वाटलं, आता हा माणूस ओरडणार. ओरडले असते तर बरं झालं असतं, मीही ओरडले असते. ते पायरीवर आले आणि अगदी हळू म्हणाले, "वहिनी, बोलावणं आलं."

मी पहिला बांबू उपटला. दुसरा आमच्या ह्यांनी, गळ्यातली दुर्बीण पाठीवर टाकून. श्रीवास्तव भाभी नटूनथटून, बनारसी नेसून हळदीकुंकवाला येत होत्या, त्यांनी एका शब्दानं काही न विचारता दोरी सोडायला घेतली. पंजाबातल्या बहनजींनी तर अख्खी सतरंजी एकटीनं ओढून नेली. मिर्झासाहेब शाल सावरत धावत आले आणि कापडाचं एक टोक धरून उभे राहिले, कुणाकडे द्यावं ते कळेना. माझे वाणाचे लुटायचे डबे गवतात घरंगळले. निमकर तेवढ्यात स्टिअरिंगवर जाऊन बसले होते, दोन्ही हात चाकावर आणि नजर फाटकावर.

शेवटचा खांब निघाला तशी मी पळत जाऊन लाडवांचा डबा खिडकीतून आत दिला. म्हटलं, मुलीच्या घरी रिकाम्या हातानं जातात का? ते डब्याकडे बघत राहिले.

"याला खोबण नाही," ते म्हणाले.

"मांडीवर ठेवा," मी म्हटलं.

त्यांनी ठेवला. बस हलली. दोन हिवाळे रुतून बसलेली चाकं गवतातून सुटली आणि धुक्यात फाटकाबाहेर गेली. मागच्या लाल दिव्याकडे आम्ही सगळेजण हातात बांबू घेऊन बघत होतो.

परत शामियाना ठोकायचं त्राण कुणात नव्हतं. हळदीकुंकू शेवटी आंब्याच्या सावलीतच झालं आणि सगळ्यांना सर्दी झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी घर्र झालं नाही. बदकं काठाशी आली. चक्रवाकाची जोडी तर अशी जवळ आली की आमचे हे मला खाणाखुणा करून बोलवत होते. मी गेले, बघितलं. नारिंगी रंगाची बदकं होती. छान होती. पण माझं चित्त काही लागेना, सारखं वाटत होतं की आता आवाज होईल. त्या दिवशी कानपूरहून एक नवं मोटरहोम आलं आणि निमकरांच्या रिकाम्या जागेवर उभं राहू लागलं. मी त्या माणसाला असं काही तासलं की तो थेट विहिरीपलीकडे जाऊन थांबला. श्रीवास्तव भाभी म्हणाल्या, अब तो जगह खाली है, भाभीजी. मी म्हटलं, खाली है म्हणून काय झालं? त्यांना परत येताना रस्ता नको?

दोन-तीन दिवसांनी दुपारी बस आली. आपल्या जागी, फाटकाकडे तोंड करून उभी राहिली. मी लगेच गेले नाही. मला काय पडलंय असं दाखवत चांगली लसणाची एक गड्डी सोलून संपवली आणि मग गेले.

निमकरांनी चहा ठेवला. माझा रिकामा डबा घासूनपुसून परत दिला, आत गुळाची रेवडी होती. मी विचारलं, काय झालं होतं गाडीला? बॅटरी बसली होती का?

"बॅटरी नवी होती. दिवाळीत बसवलेली." ते खिडकीबाहेर बघत होते. "वायर निघाली होती."

"सैल झाली असेल."

"सैल नव्हती. पान्यानं सोडवलेली होती. आधी काळी, मग लाल. आणि काळीचं टोक फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवलेलं, लागू नये म्हणून." मग म्हणाले, "असं हल्ली कुणी मेकॅनिक करत नाही. मी शिकवलं होतं तिला तसं."

मी विचारलं, "मग तुम्ही काय म्हणालात तिला?"

"काय म्हणणार? म्हटलं, फॉल्ट मोठा आहे. वेळ लागेल."

"एक वायर जोडायला तीन दिवस?"

"ती टॉर्च धरून बाजूला उभी होती," निमकर म्हणाले. "लहानपणी धरायची तशी. मी घाई केली नाही."

मला या बापलेकीचा इतका राग आला म्हणून सांगू, माझ्या डोळ्यांतून पाणीच आलं. मी ते चहाच्या वाफेवर ढकललं. एवढी वर्षं, एवढं डिझेल, आमच्या ह्यांचे ते सगळे वाया गेलेले फोटो, आणि शेवटी काय, तर एक पाना.

निमकर उठले. "रविवारी तुमचा अलाव जरा बाजूला घ्या, वहिनी. सकाळी निघायचंय. गीझर बिघडणार आहे."

मी म्हटलं, "बिघडलाय?"

"नाही. रविवारी बिघडणार आहे. अनघानं आत्ताच सांगून ठेवलंय."

असं म्हणून त्यांनी माझ्या हातातला कप, त्यात अजून दोन घोट चहा होता तरी, काढून घेतला, विसळला आणि खोबणीत बसवला.